कपावरचं 'प्रोबायोटिक' वाचलं, मागची साखर कोण वाचणार?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोज कपभर प्रोबायोटिक दही खाऊन वजन उतरवा असा लेख आला, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. मी 27 वर्षं दूध संघाच्या लॅबमध्ये काढली, दुधातलं फॅट-एसएनएफ (चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) काढायचं आणि कल्चर, म्हणजे विरजणाचे जंतू, सांभाळायचं हेच काम, त्यामुळे दह्याबद्दल कोणी काहीही बोललं की मला गप्प बसवत नाही. पत्र लांबलंय, हवं तर कापा.

लेखात दही, योगर्ट (म्हणजे ठराविक दोन जंतूंनी लावलेलं दही), ताक, लस्सी सगळं एकाच पातेल्यात घुसळलंय. प्रोबायोटिक म्हणजे काय ते जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या तज्ज्ञांनी 2001 सालीच सांगून ठेवलंय: जंतू जिवंत पाहिजेत, पुरेशा संख्येने पोटात गेले पाहिजेत आणि त्यांनी तब्येतीला फायदा झाला पाहिजे. आता घरच्या विरजणात कुठले जंतू आणि किती, हे कोण मोजतंय? आमचं विरजण वेगळं, शेजारच्या काकूंचं वेगळं, थंडी पडली की तेच परत वेगळं वागतं. म्हणून घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, पण म्हणून ते हलकं ठरत नाही हो. दह्यातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात, दूध पिऊन ज्यांचं पोट फुगतं त्यांना दही-ताक चालून जातं ते त्यामुळेच, आणि योगर्टमधल्या जंतूंबद्दल हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेसुद्धा मान्य केलंय, जी असल्या दाव्यांच्या बाबतीत भयंकर कडक आहे. उलट दुकानात फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं ताक असतं ना, ते तापवून भरलेलं असतं, त्यात जिवंत काही उरत नाही. चवीला प्या खुशाल.

आता वजनाचं. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस गॅसेरी जातीच्या जंतूंच्या एका ठराविक वाणावर (वाण म्हणजे त्याच जातीतला उपप्रकार), एसबीटी 2055 त्याचं नाव, अभ्यास झाला आणि 2010 मध्ये छापून आला. 87 माणसं, 12 आठवडे, रोज 200 ग्रॅम आंबवलेलं दूध. पोटातली चरबी साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी झाली, वजन 1.4 टक्के. म्हणजे 75 किलोच्या माणसाचं साधारण एक किलो. वाईट नाही, पण पुढे 2013 मध्ये त्याच वाणावर 210 जणांचा अभ्यास आला त्यात दिसलं की दूध बंद केल्यावर महिन्याभरात फायदा ओसरायला लागतो. आणि हे त्या एका वाणाचं झालं, डब्यावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलंय म्हणून तोच गुण येत नाही. आमच्याकडे लॅबमध्ये एकाच जातीचे दोन वाण, एक दही चिकट तार येणारं लावायचा आणि दुसरा घट्ट कवडी पाडायचा, मग पोटात गेल्यावर सगळे सारखेच वागतील कशावरून?

साध्या योगर्टचंही आहे एक. अमेरिकेत 1,20,877 लोकांची वर्षानुवर्षं माहिती ठेवून 2011 मध्ये जो अभ्यास आला त्यात रोजच्या खाण्यात एकेक वाढप योगर्ट वाढवणाऱ्यांचं वजन दर चार वर्षांत इतरांपेक्षा पावणेचारशे ग्रॅम कमी भरलं. चार वर्षांत, बरं का. त्यातही योगर्ट खाणारा माणूस बहुतेक चालतो-फिरतो, बटाटा चिप्स कमी खातो, तेव्हा सगळं श्रेय योगर्टला द्यायचं की त्याच्या पायांना? 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) योगर्टच्या डब्यावर टाइप 2 डायबेटिसचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायला परवानगी दिली, पण सोबत पुरावा मर्यादित आहे हेही लिहायचं अशा अटीवर. आपल्याकडे जाहिरातीत पहिलं अर्धं वाक्य येतं, दुसरं गायब.

माझंच सांगतो. चार वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरला आली, सून म्हणाली बाबा प्रोबायोटिक घ्या, मी रोज स्ट्रॉबेरीवाले दोन कप सुरू केले. तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, 6.1 वरून 6.4. मग चष्मा लावून कपाच्या मागे वाचलं तर एका कपात 11 ग्रॅम वरून घातलेली साखर, म्हणजे दोन कपांचे दिवसाला चार-पाच चमचे मी औषध समजून खात होतो, आणि मी कोण तर लॅबवाला! साखर एकट्या कपांनीच वाढली असं म्हणत नाही, दिवाळीही मधे होऊन गेली होती, पण कप बंद केले आणि जेवणात बिनसाखरेचं ताक आणलं ते आजतागायत.

आणि सगळा लेख वजनकाट्याभोवतीच का? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, अगदी सारखा, पण अंगातली चरबी साहेबाची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. आपण असे दिसायला बारीक आणि आतून लोण्याचे, त्यामुळे किलोभर उतरलं की नाही यापेक्षा कंबरेला टेप लावा, पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली की शुगर तपासून घ्या, हे लेखात यायला पाहिजे होतं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वाणाचं पूर्ण नाव, रोज किती खायचं आणि कपात वरून घातलेली साखर किती, एवढं तरी लेखकाकडून लिहून घ्या. आणि तळाला चौकटीत 'प्रोबायोटिक दह्याची गुणकारी कढी' अशी रेसिपी होती, त्याबद्दल एक. कढी तापली की त्यातले जंतू गेले. तेव्हा कढी डेअरीतल्या सुट्या आंबट दह्याचीच करा, ती जास्त चांगली लागते.

आपला,
दूध संघातला एक निवृत्त लॅबवाला, सांगली