पॅरामॅटाची उघडी कड

हॅरिस पार्क, सिडनी
मार्च 2025

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे उत्तरावाचून पडून होती आणि आज लिहितो आहे ते घरच्या कारणाने नव्हे. घरी सर्व क्षेम आहे, माझा गुडघा कुरकुरत चालतो. कारण आहे आमचा येथील रग्बी लीगचा संघ, पॅरामॅटा ईल्स. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात मेलबर्नने आम्हांला 56–18 असे धुतले, आणि ज्याने कबड्डीत स्वतः कोपरा सांभाळला आहे अशा माणसाखेरीज हे कोणापुढे मांडावे ते कळेना. येथे तर "टॅकलच करत नाहीत", म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडतच नाहीत, एवढे म्हणून सगळे मोकळे होतात.

मला ते पटत नाही. रग्बी लीगमध्ये सहाव्या टॅकलला चेंडू सोडावा लागतो, म्हणून पाचव्यानंतर तो शक्य तितका लांब मारून टाकायचा असतो. आमचा मिचेल मोझेस पायाच्या दुखापतीने बाहेर आहे. त्याच्या लांब किकशिवाय आमचे दांडगे गडी स्वतःच्या गोलरेषेपासून धडका देत कसेबसे थोडे वर येतात, तेथून तोकडी किक जाते, आणि समोरचा संघ मैदानाच्या मध्यावरूनच डाव मांडतो. मग प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे पळायचे, वळायचे आणि पुन्हा अंगावर जायचे. दमलेला गडी पाडलेल्या माणसावरून उठायला उशीर लावतो, पंच 'सिक्स अगेन' देतो, आणि टॅकलची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बचावाच्या रांगेची कड फुटते ती अशा वेळी. कडेजवळचा गडी, म्हणजे सेंटर, एक पाऊल मागे राहिला की त्याला सावरायला अगदी कडेचा विंगर आत झेपावतो, चेंडू त्याच्या डोक्यावरून बाहेर जातो, आणि कोपऱ्यात ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे गुण, आयता मिळतो. कबड्डीतली आपली साखळी अशीच तुटली होती, दत्ता, आणि हात तू सोडला होतास. तू आजही माझेच नाव घेशील. आबा सर असते तर त्यांनी निकाल दिला असता, अर्थात दोघांनाही मैदानाला फेऱ्या मारायला लावून.

नवे प्रशिक्षक जेसन राइल्स हे पूर्वी मेलबर्नलाच तेथील मुख्य प्रशिक्षक क्रेग बेलामींचे सहायक होते, तेव्हा बचावाची शिस्त त्यांना शिकवायला नको. पण कर्णधार क्लिंट गदरसन संघ सोडून गेला, आणि मागून ओरडून रांग जुळवणारा आवाजही त्याच्याबरोबर गेला. लोक आता वेगवान आक्रमक मागत आहेत. त्यांनी 1986 आठवावे: आमचे शेवटचे विजेतेपद, कँटरबरीविरुद्ध 4–2, एकही ट्राय नाही, आमच्या मिक क्रोनिनचे किकने मारलेले दोन गोल आणि बाकी सारा बचाव. माझ्या मते मोझेस परतेपर्यंत चौथ्याच टॅकलला किक मारावी, तिच्यामागे सगळ्यांनी एका रांगेत धावावे, आणि समोरच्याला त्याच्याच गोलरेषेजवळ कोंडावे. सामना रटाळ होईल, होऊ दे.

वहिनींना नमस्कार. छताचे काम पावसाआधी उरकून घे, आणि मुलीच्या निकालाचे कळव.

तुझा,
सुधीर