नववीतल्या पोराची झोप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने जीआर काढला की चौथीपर्यंतची शाळा सकाळी 9 च्या आधी भरवायची नाही, लहान मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगलंच केलं. पण पाचवीत गेलं की झोपेची गरज नसते का पोरांना?

माझा मुलगा नववीत आहे. शाळा 7 ची, व्हॅन सव्वासहाला येते म्हणजे साडेपाचला उठवायचं. दुपारी घरी, मग साडेपाच ते साडेआठ क्लास, जेवण, शाळेचा होमवर्क वेगळा, क्लासचा वेगळा, दर शनिवारी टेस्ट, पडायला साडेअकरा. म्हणजे हिशोब करा, सहा तास. बालरोगतज्ज्ञ या वयाला 8 ते 10 तास सांगतात.

सगळे म्हणतात मोबाईल काढून घ्या. घेतला. तरी कितीतरी वेळ आढ्याकडे बघत पडलेला. डॉक्टर म्हणाले, वयात येताना झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन, रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यात त्याचा काही दोष नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2014 लाच सांगितलंय की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. आणि मी इकडे वर्षभर त्याला आळशी म्हणून ओरडत होतो. सकाळी पोटात दुखतं म्हणायचा, छोट्या गोष्टीवरून रडायला यायचं, आम्हाला वाटलं अभ्यासाची टाळाटाळ.

पालकसभेत विषय काढला. उत्तर मिळालं, दोन पाळ्या आहेत, वर्ग तेवढेच, व्हॅनवाल्यांच्या फेऱ्या ठरलेल्या. अडचण खोटी नाहीये, मान्य. पण एक गृहस्थ उठून 'लवकर निजे लवकर उठे' ऐकवायला लागले, अहो त्यातलं पहिलं 'निजे' कोण होऊ देतंय?

वेळ बदलणं एका शाळेच्या हातात नसेल, पण दहावीला 7 च्याही आधी जे जादा तास लावतात ते तरी बंद करा, आणि क्लासवाल्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ सोडावी. आम्ही बुधवारचा क्लास स्वतःच बंद केला, सरांचे दोन फोन आले, नातेवाईक म्हणाले दहावी तोंडावर आणि हे काय. बुधवारी तो पावणेदहाला झोपला. गुरुवारी हाक न मारता उठला आणि बाथरूमवरून बहिणीशी भांडत बसला, कितीतरी महिन्यांनी.

एक पालक, डोंबिवली