कुत्र्यांच्या केसांची निगा राखणाऱ्या, मशीन बाजूला ठेवणाऱ्या ग्रूमरताईंना

प्रिय ताई,

'कुत्र्याचे केस फार गळतायत, सरसकट मशीन मारून टाका,' असं आम्ही म्हटलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आधी त्याबद्दल मनापासून आभार. डबल कोट म्हणजे केसांचे दोन थर: वरचे राठ केस ऊन-पाणी अडवतात, आतली लोकर ऊब धरते. कोट मुळापर्यंत कापला की लोकर भराभर वाढते, राठ केस मागे पडतात आणि अंग ठिगळं लावल्यासारखं दिसतं. कधी कधी तर महिनोन्‌महिने केसच येत नाहीत. उकाड्यासाठी कोटाचं करायचं ते हेच, सुटलेली लोकर बाहेर काढणं. मग हवा कातडीपर्यंत पोचते.

दिवस लांबायला किंवा आखडायला लागले की गळती सुरू होते आणि काही आठवडे चालते. त्या दिवसांत रोज विंचरायचं, एरवी आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

ब्रश वरवर फिरवला तर कोट चकचकीत दिसतो, पण खाली गुंतलेल्या केसांचा नमदा तयार होत असतो. तुम्ही शिकवलेली रेघेची पद्धत म्हणूनच मोलाची. एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिच्याखालची एक पातळ बट स्लिकरने, म्हणजे बारीक तारांच्या ब्रशने, मोकळी करायची, मग रेघ बोटभर वर सरकवायची. मनगट सैल हवं. दाब दिला किंवा एकाच जागी घासत राहिलं, तर कातडी लाल होते. लोकर काढायचा लांब दातांचा रेकही केसांच्या दिशेनेच, आखूड हाताने चालवायचा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच काम झालं.

कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या झालरीत हमखास जटा होतात. तिथे कात्री नकोच, कारण कातडी जटेत ओढली गेलेली असते आणि नेमकी तीच कापली जाते. बोटांनी जट फोडून टोकाकडून सोडवायची.

हे सगळं आंघोळीआधी, कारण भिजलेली जट आणखी आवळते. शाम्पू बाटलीवर लिहिलंय तितका पातळ करून, पाणी कोमट. केस वाळवायचा ब्लोअर कमी वेगावर, मागच्या पुठ्ठ्यांपासून सुरू करून पुढे. तोंडावर आणि कानांत कधीच नाही. वरचे केस वाळले तरी लोकर ओली राहते आणि तिच्याखाली एका दिवसात चिघळणारा चट्टा उठू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी तुम्ही बोटं मुळाशी घालून पाहता. त्या तपासणीला लागणाऱ्या वेळेबद्दलही आभार, ताई.

तुमच्याकडे येणाऱ्या डबल कोटवाल्यांच्या घरची माणसं