कोपीतली मुलगी आणि मुक्ताचा निबंध

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सातवीला सामाजिक न्याय शिकवायला काय साहित्य वापरतोस, असं विचारलंयस. तक्ते आहेतच. संविधानाची उद्देशिकाही परिपाठाला रोज होते, पण मुलं ती पाढ्यासारखी घडाघडा म्हणतात आणि खाली बसतात.

यंदा मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवला. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची पोर, १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात, पावसात त्यांचे किती हाल होत असतील, असं ती त्यात विचारते. मी तिथं थांबलो. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हजेरीपुरतं बोलणारी, म्हणाली, “सर, माझा भाऊ ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीतच झाला. वरून गळत होतं. मी त्याच्यावर परात धरून बसले होते.”

वर्गात कुणी हललं नाही. पुढचं मला वाचवेना.

जूनमध्ये मीच भर वर्गात विचारलं होतं, कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, हात वर करा. तिनं हात वर केला नव्हता. फार मोठी चूक झाली रे माझी. आता शिष्यवृत्तीची नावंसुद्धा वर्गात पुकारत नाही, शाळा सुटल्यावर एकेकाला बोलावतो.

तिला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालतो, हे सांगायला दोनदा घरी जाऊन आलो. आई म्हणते, धाकट्याला फडात कोण सांभाळणार? तिचं काय चुकलं? कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल तर केव्हाच खर्च झालेली. आईनं मागं राहायचं म्हटलं तर ती फेडायची कशी?

मुक्ताला बक्षीस मिळालं तेव्हा ‘खाऊ नको, वाचनालय द्या’ म्हणाली, असं सांगतात. पोरांनी ते मनावर घेतलंय. खोक्याचं कपाट करून पुस्तकं मांडलीत. त्यातली चार मी या मुलीच्या पिशवीत घालणार आहे.

कारण दसऱ्यानंतर ती जाणार, असंच दिसतंय. टोळी तुमच्याच कारखान्यावर येते. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड सोबत देतो, पण ते घेऊन ती आपणहून शाळेत येईल असं वाटत नाही. तू एकदा कोप्यांवर जाऊन ये. धाकट्यालाही तिच्यासोबत वर्गात बसू दे, म्हणजे ती येईल. पोचलीस की लगेच कळव, असं तिला सांगितलंय. तूही कळव.

तुझा मित्र