प्रीसेट बदलल्यावर न थांबणारा स्वर : मिडी कीबोर्डमधील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ६१ पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डवरील झोनच्या सुविधेतील दोष दूर करून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा वरील मिडी कीबोर्ड, म्हणजे पट्टी दाबल्या-सोडल्याचे संदेश संगणकाला पाठवणारा कीबोर्ड, मी गेल्या डिसेंबरात विकत घेतला, तो मुख्यतः एका सोयीसाठी. एकाच कीबोर्डचे दोन झोन (पट्ट्यांचे विभाग) करून प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल (संदेशांचा मार्ग) आणि स्वतंत्र सप्तक देता येते, असे आपल्या माहितीपत्रकात ठळकपणे छापले होते. वसईतील आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्साच्या वेळी मी गायकवृंदाला साथ करतो. पाइप ऑर्गन घेण्याची आमची ऐपत नाही आणि तो ठेवायला जागाही नाही, म्हणून लॅपटॉपवर ग्रँडऑर्ग हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालवून आभासी ऑर्गन वाजवतो. पायांनी वाजवायचा पेडलबोर्डही नसल्यामुळे ते काम डाव्या हाताकडे सोपवले आहे.

माझ्या पहिल्या प्रीसेटमध्ये (कीबोर्डमध्ये साठवलेल्या मांडणीत) स्वरक्रमांक ३६ ते ५९ या डावीकडच्या २४ पट्ट्या तिसऱ्या चॅनलवरून ऑर्गनच्या पेडलला जोडलेल्या आहेत, तर ६० ते ९६ या उरलेल्या ३७ पट्ट्या एक सप्तक खाली उतरवून पहिल्या चॅनलवरून मॅन्युअलला, म्हणजे ऑर्गनच्या हातांनी वाजवायच्या पट्ट्यांना, जोडल्या आहेत. दुसऱ्या प्रीसेटमध्ये सगळा कीबोर्ड पहिल्या चॅनलवर आहे. कडवे संपताना डाव्या हाताने खर्ज धरून ठेवायचा, उजव्या हाताने प्रीसेटचे बटण दाबायचे आणि पुढचे कडवे उचलायचे, अशी माझी पद्धत आहे. नेमके याच वेळी धरलेली पट्टी सोडली तरी खर्जाचा स्वर थांबत नाही.

कारण शोधण्यासाठी मी ग्रँडऑर्ग बंद करून कीबोर्डमधून बाहेर पडणारे संदेश मिडी मॉनिटर या संदेश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाहिले. ३६ क्रमांकाची पट्टी दाबल्याचा संदेश तिसऱ्या चॅनलवरून गेला, पण प्रीसेट बदलल्यानंतर तीच पट्टी सोडल्याचा संदेश पहिल्या चॅनलवरून गेला. पेडलला तो कधी मिळालाच नाही. पट्टी ज्या चॅनलवरून आणि ज्या स्वरक्रमांकाने दाबली गेली, त्याच चॅनलवरून आणि त्याच क्रमांकाने ती सुटली पाहिजे, मग मधल्या काळात प्रीसेट बदललेला असो वा नसो. एवढी नोंद पट्टी सुटेपर्यंत ठेवणे कीबोर्डच्या फर्मवेअरचे (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) काम आहे, ऑर्गनच्या सॉफ्टवेअरचे नव्हे.

आपल्या चाचणीत हा दोष नजरेतून सुटला असेल, तर त्याचे कारण बहुधा पियानो असावा. पियानोचा अडकलेला स्वर काही वेळाने आपोआप विरतो, पण ऑर्गनची नळी हवा मिळते आहे तोवर बोलत राहते. पेटीचा भाता निदान हलवायचे थांबल्यावर रिकामा तरी होतो. लॅपटॉपमधल्या ऑर्गनची हवा संपत नाही.

आपल्या मदत विभागाने पहिल्या उत्तरात दोष सॉफ्टवेअरचा असल्याचे कळवले. मॉनिटरवरील नोंदी पाठवल्यावर दुसरे उत्तर आले की, स्वर अडकल्यास सगळे स्वर एकदम बंद करणारे पॅनिक बटण दाबावे. अर्पणगीताच्या वेळी मी तेही करून पाहिले. खर्जाबरोबर उजव्या हातातले सूरही बंद पडले आणि गाणारे अधांतरी राहिले. ‘पट्टी धरलेली असताना प्रीसेट बदलू नये’ हा आपला तिसरा सल्ला माहितीपुस्तिकेत कुठेही छापलेला नाही.

पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारे सस्टेन पेडल एका झोनपुरते बंद ठेवण्याची सोय पुस्तिकेत दिली आहे, तीही चालत नाही.

सध्या मी सगळा कीबोर्ड एकाच चॅनलवर ठेवून ग्रँडऑर्गमध्येच प्रत्येक विभागाची खालची आणि वरची पट्टी ठरवून देतो, आणि काम भागते. परंतु विभागणी सॉफ्टवेअरनेच करायची असेल, तर झोन नसलेला स्वस्त कीबोर्ड मला पुरला असता.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दोन्ही दोष दूर करणारे फर्मवेअर द्यावे, अथवा ते कधी मिळेल याची निश्चित तारीख लेखी कळवावी. यांपैकी काहीच शक्य नसल्यास कीबोर्ड परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणे मला भाग पडेल. खरेदीच्या पावतीची प्रत, मॉनिटरवरील नोंदी आणि दोन्ही प्रीसेटच्या फाइली सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक, वसई