शंभर वर्षांनी जन्मलेला राजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑटोमन तुर्कांचा सुलतान सुलेमान याच्या व्हिएन्ना मोहिमेवरचा लेख वाचला आणि चीड आली. 1529 च्या वेढ्यातून शहर पोलंडचा राजा सोबिएस्की याने सोडवले म्हणे! अहो, सोबिएस्कीचा जन्मच 1629 चा. तो धावून आला 1683 च्या वेढ्यात. तेव्हा समोर वजीर कारा मुस्तफा होता आणि सुलेमानाला जाऊन 117 वर्षे झाली होती.

हीच चूक मी खुद्द व्हिएन्नात ऐकली आहे. 31 वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर 2017 साली एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेले. मनात एकच होते, निकलास साल्मची कबर पाहायची. 1529 च्या वेढ्यात राजा फर्डिनंड शहरात नसताना सत्तरीच्या या सेनापतीने व्हिएन्ना लढवले, शेवटच्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि पुढच्याच वर्षी गेला. व्होटिफकिर्शे या चर्चमध्ये त्याची कबर आहे. आमची बस त्या चर्चसमोरूनच गेली. मी वीस मिनिटे मागितली. "मावशी, वेळ नाही हो. आणि तुर्कांना तर सोबिएस्कीने हरवलं ना?" असे उत्तर मिळाले. पुढे खरेदीला मात्र दोन तास! ते दोन तास मी दुकानाबाहेरच्या बाकावर बसून काढले. साल्मची कबर राहिली ती राहिलीच. आता या वयात पुन्हा जाणे होणार नाही.

लेखात पराभवाचे सगळे खापर थंडीवर फोडले आहे. मोहीम तर उन्हाळ्यातच पांगळी झाली होती. 10 मे रोजी इस्तंबूलहून निघालेले सैन्य बाल्कनच्या पावसात रुतले, उंट मेले, तट फोडणाऱ्या मोठ्या तोफा वाटेतच टाकाव्या लागल्या. सप्टेंबरअखेर सुलतान व्हिएन्नापाशी पोचला तेव्हा सगळी भिस्त सुरुंगांवर, आणि आतले लोक तळघरांतून उलटी भुयारे खणून तेच निकामी करत होते. 14 ऑक्टोबरचा शेवटचा हल्लाही फसला. बर्फाने गाठले ते परतीच्या वाटेवर. मग त्या भुयारे खणणाऱ्यांचे श्रेय थंडीला का द्यायचे?

नकाशाही नीट पाहिलेला दिसत नाही. डॅन्यूब जुन्या व्हिएन्नाच्या उत्तरेला आहे, तुम्ही ती दक्षिणेला काढली आहे.

दुरुस्ती याच पुरवणीत, याच पानावर छापावी आणि तीत साल्मचे नाव यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली