काकू, कचऱ्याच्या पिशवीतल्या त्या जास्वंदीबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. आता विषय बदलून दाखवा.

पाच हिवाळ्यांपूर्वी मी जास्वंद मुळासकट काळ्या पिशवीत कोंबत होतो. पान एकही उरलं नव्हतं. तुम्ही जाता जाता थांबलात, पिशवी उघडायला लावलीत आणि खोडाची साल नखाने खरवडलीत. वर तपकिरी, कोरडं. वीतभर खाली पुन्हा खरवडलंत, तर आत ओलं हिरवं. "मेलेली नाही ही," म्हणालात, "तू मारायला निघाला होतास." खरं सांगतो, तेव्हा रागच आला होता. तीन महिने मी त्या झाडाच्या दिमतीला उभा होतो!

दिमतीतच सगळा घोटाळा होता. मुळात मी तिला आत घेतली तीच उशिरा. रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरायला लागला की जास्वंद, मोगरा, कढीपत्ता ही मंडळी घरात यायला हवीत, आणि मी थेट 3 अंशांची वाट पाहिली. मग कीव येऊन कुंडी हीटरला चिकटवून ठेवली आणि रोज पाणी घातलं. पानं पिवळी पडली तसं आणखी पाणी घातलं. पानांखालची बारीक जाळी तर मी घरातली कोळिष्टकं समजून फडक्याने पुसत होतो. तो लाल कोळी आहे, हीटरच्या कोरड्या हवेत तो असाच माजतो, हे तुम्ही भिंग देऊन दाखवलंत तेव्हा कळलं.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत त्यावर माझी सगळी बाग उभी आहे. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, कारण आपले डोळे अंधाराला सरावतात. झाडाला ती सोय नाही. हिवाळ्यात काचेमागे त्याला उन्हाळ्यातल्या उजेडाचा जेमतेम तुकडा मिळतो. तेवढ्यावर पानांना अन्न करता येत नाही, म्हणून झाड ती गाळतं. अशात ऊब दिली तर ते लांबट, फिकट फुटवे काढतं आणि साठवलेलं बळ संपवतं. पाणी दिलं तर ते प्यायला पानंच नाहीत, मुळं बुडून कुजतात. उजेड कमी झाला की ऊब आणि पाणीही त्याच्यासोबत खाली आणायचं. मी झाड वाढवायला बघत होतो, तुम्ही म्हणालात, नुसतं राखायचं. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, खत बंद, आणि कुंडी गारेगार पण गोठत नाही अशा खिडकीत. त्या वर्षी वसंतात खोडाच्या बुडाशी पहिला कोंब दिसला तेव्हा मी अनवाणीच तुमच्या दारात आलो होतो.

तुमच्याच तोंडून फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातल्या संत्र्यांची गोष्ट ऐकली. चौदाव्या लुईने 1684 ते 1686 या काळात तिथे दक्षिणेकडे तोंड करून दगडी ऑरेंजरी, म्हणजे संत्र्यांचं हिवाळी घर, बांधून घेतली आणि लाकडी पेट्यांतली झाडं हिवाळ्यात आत नेण्याची सोय केली. राजाचंही झाड पेटीतच, हे ऐकून झाडं गॅरेजात ठेवण्याची माझी लाज गेली.

कुंड्यांचं गणितही तुमच्यामुळेच सुटलं. बागेत बर्फाखाली तग धरणारं झाड कुंडीत का मरतं, ते मला कळेना. जमिनीत मुळांना खालची ऊब मिळते, कुंडीला मात्र सगळ्या बाजूंनी गारठा लागतो. शिवाय मुळं फांद्यांपेक्षा नाजूक. ओल्या मातीनिशी बाहेर विसरलेली मातीची कुंडी तडकली ती वेगळीच. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, हे शाळेत पाठ केलं होतं, कुंडी फुटल्यावर समजलं.

आणि डेलिया! पहिल्या फ्रॉस्टने, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीने, पानं एका रात्रीत काळी पडली तेव्हा मी खुरपं घेऊन धावलो, तुम्ही हात धरलात. थोडे दिवस थांब, कंदांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, नीट दिसू देत. मग देठ वीतभर ठेवून छाटायचे, खणताना कंदाची मान मोडू द्यायची नाही, कारण डोळा देठाच्या बुडाशी असतो आणि मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही. दोन-चार दिवस सुकवून जेमतेम दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज), 4 ते 10 अंशांत ठेवायचे. महिन्यातून एकदा चाचपून बघायचं: मऊ लागला तर काढून टाकायचा, सुरकुतला तर पाण्याचा हलका फवारा. एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. तुम्ही कंद धुता, मी माती झटकून तशीच ठेवतो. माझे कमी कुजतात. तुम्ही मान्य करणार नाही, माहीत आहे.

जरेनियम मुळं उघडी करून उलटी टांगायची तुमची युक्ती मला जमली नाही. चारांतलं एक जगलं. जुन्या तळघरांतला थंड ओलावा माझ्या घरात नाही, म्हणून मी ती छाटून कुंडीतच ठेवतो.

वसंतातली चूक सांगायची राहिली. पहिल्या उबदार दिवशी सगळ्या कुंड्या थेट उन्हात मांडल्या आणि संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरे चट्टे. आता आठ-दहा दिवस आधी सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, रात्री पुन्हा आत. या कवायतीला घरात हसतात.

असो. जास्वंदीला सध्या चार कळ्या आहेत. डेलियाच्या खोक्यात मात्र गडबड झाली आहे. तुमच्या आणि माझ्या कंदांच्या चिठ्ठ्यांवरची शाई ओलाव्याने पुसली गेली. डोळे फुटलेले अकरा आहेत. रविवारी टोपली घेऊन येतो, कुठले कुणाचे ते तुम्हीच ठरवा. धुतलेले कुठले ते ओळखू येईलच.

तुमचा,
शेजारी